तीन हजार दिवसांचा चारा

त्र्याहत्तरच्या दुष्काळात, मार्चमध्ये, काष्टीजवळच्या गुरांच्या छावणीवर रविकांत पाठक गुरुजींची नेमणूक झाली. हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस, उभ्या जन्मात गायीला हात लावलेला नाही. पण वरून हुकूम आला आणि गुरुजी शेणात उभे राहिले.

छावणीत तीनशे जनावरं आणि नऊ हजार पेंढ्यांची गंज. प्रत्येकाला रोज तीन पेंढ्या. नगरहून जीपमधून छावण्यांची तपासणी करणारे हेमचंद्र साहेब आले, त्यांनी विचारलं, "चारा पावसापर्यंत पुरेल?"

"दहा दिवस पुरेल, साहेब. हे व्यस्त प्रमाण आहे. जनावरं आणि दिवस यांचा गुणाकार कायम राहतो. शंभर दिवस काढायचे तर तीसच जनावरं हवीत." गुरुजींनी सवयीनं उत्तर काढून दिलं.

"आणि एकच ठेवलं तर?"

"तीन हजार दिवस."

साहेबांचे डोळे चमकले. "आठ वर्षांची बेगमी! मग एकच ठेवा. मी आजच वर कळवतो."

 आपण गणित सोडवलं की गुरं मारली, हेच गुरुजींना कळेना.

दुसऱ्या दिवशी सगळी गुरं बाहेर काढली आणि चांगुणाबाईची गाय चंद्री फाटकाशी सर्वांत पुढे होती म्हणून तेवढी आत गेली. बाकीची जनावरं तारेबाहेर हंबरत राहिली. गुरुजींना घास गिळवेना. तेवढ्यात कारभारी नावाचा शेतकरी आपला बैल घेऊन फाटकात आला.

"नाव?" गुरुजींनी विचारलं.

"चंद्री."

"अहो, हा बैल आहे!"

"आसू द्या की. चंद्रीला आत सोडायचा हुकूम हाय न्हवं?"

गुरुजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि फाटक उघडलं. दुपारपर्यंत तीनशे चंद्र्या आत येऊन रवंथ करत होत्या.

आठवड्यानं साहेब आले. गंज जमिनीला टेकत आलेली. गुरांच्या गर्दीतून वाट काढत ते गुरुजींपाशी पोचले. शिंगं चुकवताना त्यांची टोपी पडली होती.

"वर मी एकच जनावर कळवलंय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "इथं किती आहेत?"

गुरुजींचा आवाज वर्गातला लागला. "एकच, साहेब. चंद्री. फक्त स्थिरांक बदललाय. तीनच्या जागी नऊशे धरायचा. हिचा खुराक रोज नऊशे पेंढ्या आहे."

साहेबांनी समोरच्या रेड्याकडं पाहिलं. मग बराच वेळ आभाळाकडं पाहिलं. "चालेल," ते म्हणाले. "गणित बसतंय."

तीन दिवसांत कडब्याचे ट्रक आले, एका गायीसाठी. गुरुजी त्या दिवशी पोटभर जेवले.

पण पंधरवड्यानं साहेब पुन्हा हजर. "पाठक, वरून विचारणा आली आहे. तीन पेंढ्या खाणारी गाय दोन लिटर दूध देते. आता हे सम प्रमाण. मग नऊशे पेंढ्या खाणारी सहाशे लिटर देणार. दूध कुठं आहे?"

गुरुजींनी वळून पाहिलं. मागे कारभारी, चांगुणाबाई, सगळी माणसं श्वास रोखून उभी. खोटं बोलणं जमत नव्हतं, पण समीकरण मांडणं जमत होतं.

"साहेब, दुधाचा स्थिरांक शून्य आहे."

"म्हणजे?"

"गाय भाकड आहे. नऊशेला शून्यानं गुणा, नाहीतर नऊ लाखांना."

साहेबांनी मनातल्या मनात गुणून पाहिलं आणि सुटल्यासारखे हसले. "शून्यच येतं की!"

जीप धुरळ्यात दिसेनाशी होते न होते तोच चांगुणाबाई पदर खोचून पुढं आली. "गुरुजी, माज्या चंद्रीला भाकड म्हणता? सकाळीच दीड लिटर दिलंय तिनं! लई शिकलेलं दिसताय तुमी!"

"बाई, त्याशिवाय चारा आला नसता..."

"मग कारभाऱ्याच्या बैलाला म्हणायचं हुतं भाकड!"

छावणी पावसापर्यंत चालली आणि एकही जनावर दगावलं नाही. कारभारी गुरुजींना नगरच्या एसटीत बसवायला आला, बाकीचे फाट्यापर्यंत आले. चांगुणाबाई तेवढी आली नाही. पुढं कितीतरी वर्षं गुरुजी कधी काष्टीच्या बाजाराला आले आणि समोर दिसले की ती चंद्रीचं तोंड दुसरीकडं वळवायची.