शिट्टीपुरता श्वास

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात नोकरी आणि रविवारी फुटबॉलच्या सामन्यात पंच, हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला यावं म्हणजे बघणाऱ्यांची चंगळच. मैदानाच्या कडेला कोणीतरी ओरडायचंच, "अहो पंच, चष्मा लावा." तो मनातल्या मनात म्हणायचा, सोमवारी दुकानात या, नंबर तपासून देतो. एकदा एकजण खरंच आला. चांगला जाड नंबर निघाला. पंचाने दर जराही कमी केला नाही.

वय पन्नाशीला टेकलेलं. गुडघे अजून बोलत नव्हते, पण धाप बोलायला लागली होती. पंचांची दरवर्षी धावण्याची परीक्षा होते. मैदानाला फेऱ्या, थोडं धावायचं, थोडं चालायचं, आणि भोंगा वाजायच्या आत पुढच्या खुणेपाशी पोचायचं. उशीर झाला की बाहेर. महिन्यापूर्वीच्या परीक्षेत तो शेवटच्या फेऱ्यांमध्ये बाहेर पडला होता. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर मोठ्यांचे सामने बंद आणि लहान मुलांचे सुरू. तिथे निम्मे खेळाडू बुटांच्या नाड्या बांधत बसतात आणि उरलेले चेंडू सोडून फुलपाखराच्या मागे लागतात. त्याला तिथे जायचं नव्हतं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. दुकानात सहा दिवस "मान खाली, हनुवटी इथे टेकवा" म्हणून झाल्यावर एक दिवस तरी बावीस धडधाकट माणसांनी आपल्या शिट्टीवर थांबावं, एवढीच त्याची हाव होती.

त्याची बायको इस्पितळात छातीच्या रोग्यांना श्वासाचे व्यायाम शिकवायची. दिवसभर एकच वाक्य. "सोडा. सोडा. अजून आहे आत, सोडा." संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचा आवाज बसलेला असायचा आणि कोणी नुसतं जोरात उसासलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. तिला सुट्टी फक्त रविवारी. त्या दिवशी नवरा सकाळीच पिशवी घेऊन बाहेर. संध्याकाळी चिखल, घाम आणि कोणत्या संघाच्या कोणत्या दांडगटानं काय शिवी दिली याचा वृत्तांत घेऊन परत. शिव्या ती ऐकून घ्यायची. चिखल धुवायची. लग्नानंतरच्या रविवारांचा हिशेब तिने कधी मांडला नाही, कारण जमेच्या बाजूला लिहायला काही नव्हतं.

आता तिच्या भावाला कोणीतरी सुचवलं, की भाऊजींना फोनमधल्या श्वासगुरूंचे धडे दाखव. कोणी सुचवलं हे त्याला आठवेना, पण दाखवले मात्र त्याने.

झालं. रोज सकाळी पंच गॅलरीत मांडी घालून बसायला लागला. फोनमधून पाण्याची खळखळ, मागून एक मधाळ आवाज. "श्वास भरा. थांबवा. स्वतःला पर्वत समजा." पंच एवढं मन लावून स्वतःला पर्वत समजायचा की त्याचे कान लाल व्हायचे.

मेहुणा चहाला आला की मजा बघायचा. "भाऊजी, हवा कमी पडत असेल तर सायकलचा पंप आणू का?"

"तू गप रे. बोललं की धडा परत पहिल्यापासून करावा लागतो."

"ताई, तू एवढी श्वासातली जाणकार. तू काही सांगत नाहीस?"

"मला रविवारी सुट्टी असते," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. तो दिवस मंगळवार होता. मेहुण्याच्या ते लक्षात आलं नाही.

खरं म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी लिफ्ट बंद असताना ती त्याच्यामागून जिना चढत होती, तेव्हाच तिला कळलं होतं. त्याचे खांदे वर उचललेले, गळा आवळलेला. श्वास अर्धा सोडायचा आणि उरलेला आत दाबून ठेवायचा. ही पंचाची सवय. पळता पळता केव्हाही शिट्टी फुंकावी लागेल, म्हणून एक फुंकर कायम शिल्लक. मैदानावर ठीक होतं, पण हा गृहस्थ जिन्यावर, रस्ता ओलांडताना, भाजी निवडतानासुद्धा शिट्टीपुरता श्वास राखून असायचा. जणू शेजारीण फाऊल करणार आहे. छाती कधी रिकामीच होत नाही म्हटल्यावर नवी हवा जाणार कुठे? धाप लागली नसती तरच नवल.

तिच्या वॉर्डात असा रोगी आला असता तर दहा मिनिटांत सरळ केला असता. घरातल्या रोग्याबद्दल मात्र तिने तोंड उघडलं नाही. वय बोलतंय तर बोलू दे, असं तिने ठरवून टाकलं होतं. रविवारी सकाळी दोघांनी एकत्र चहा प्यायचा, मग परत झोपायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी नवऱ्याची धाप तिला पुरेशी वाटत होती. वाईट वाटायचं, पण दमलेल्या माणसाला वाईटसुद्धा जेमतेमच वाटतं.

पर्वत झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पंच दुकानात गिऱ्हाईकासमोर श्वास रोखून उभा असताना भोवळ येऊन खाली बसला. खाली जाताना फ्रेमचा अख्खा ट्रे बरोबर घेऊन गेला. मालकाने काचा गोळा करताना पंचाकडे चार वेळा पाहिलं.

संध्याकाळी हे ऐकल्यावर बायको भडकली. नवऱ्यावर नाही, फोनवर.

"हे कोण सांगतंय तुम्हाला रोखायला? रोखण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. तो फोन बंद करा. आडवे व्हा."

"आत्ता?"

"आत्ता. शर्टाची बटणं काढा."

पंच सतरंजीवर आडवा झाला. तिने दोन्ही तळहात त्याच्या खालच्या बरगड्यांवर ठेवले. वॉर्डात ठेवते तसेच, गार आणि कामाचे.

"नाकाने घ्या, थोडाच. आता ओठ असे करा, गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे. सोडा. सोडा. अजून आहे आत."

"संपला."

"नाही संपला. तुमच्याकडे नेहमी थोडा शिल्लक असतो, मला माहीत आहे. सोडा."

त्याने सोडला. शेवटाला घशातून चिरका आवाज आला, गंजलेलं दार उघडल्यासारखा. मग श्वास आपोआप आत आला, पोटापर्यंत. पंच छताकडे बघत राहिला.

"हे काय झालं?"

"श्वास झाला. बाकीची माणसं रोज घेतात."

परीक्षेपर्यंतचे दिवस तिने त्याला असंच तासलं. चालताना तीन पावलांत घ्यायचा, चार पावलांत सोडायचा. लक्ष बाकी कुठे नाही, फक्त जाणाऱ्या हवेवर. जिन्यावर ती मागून चालायची आणि त्याचा खांदा वर गेला की बोटाने खाली दाबायची. दोघंही कामावरून थकून आलेले असायचे. शिकवणारीला जांभया, शिकणाऱ्याला जांभया. तिने जांभईलाही मोकळीक दिली, तेवढीच हवा बाहेर जाते म्हणून.

परीक्षेच्या दिवशी ती मैदानावर आली. नवरा म्हणाला, कशाला येतेस, पडून राहा. ती म्हणाली, झोप लागणार नाही. ते खरं होतं, पण कारण दोघांच्या मनात वेगळं होतं.

धावणारे बाकीचे निम्म्या वयाचे. सुरुवातीला पंच हलका धावला. खांदे खाली, ओठ चहावर. भोंगा वाजायच्या आधीच खुणेवर. ती सिमेंटच्या पायरीवर बसून बघत होती. फेऱ्या संपत आल्या तसे तरुणांपैकी दोघे बाहेर पडून गवतावर लोळायला लागले, आणि ते बघून पंचाला मागच्या परीक्षेची आठवण झाली. खांदे वर गेले. गळा आवळला. एक फुंकर शिल्लक. पुढच्या खुणेवर तो भोंग्याच्या जेमतेम आधी पोचला. त्याच्या पुढच्या खुणेवर पोचणार नाही, हे मैदानावर एकाच व्यक्तीला कळलं होतं.

तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, आणि गप्प बसण्यात ती पटाईत होती.

ती उठली. "सोडा!" वॉर्डातला आवाज, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. "अजून आहे आत!"

गवतावर लोळणाऱ्या दोघांनीही श्वास सोडला. पंचाचे खांदे पडले.

तो पास झाला. भोंग्याच्या अगदी तोंडावर, पण पास. येऊन पायरीवर बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकवून. बराच वेळ सोडत राहिला.

"तुला हे कधी कळलं होतं?" त्याने विचारलं. "माझं काय चुकतं ते."

"लिफ्ट बंद होती तेव्हा."

"म्हणजे दोन वर्षं झाली."

"हो."

"बोलली नाहीस."

"नाही."

"का?"

तिने पिशवीतून टॉवेल काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "रविवार," ती म्हणाली.

पंचाने तोंड पुसलं. माणसं खोटंखोटं पडतात कशी, हात कसे वर करतात, मी काही केलंच नाही म्हणतात कशी, हे त्याने आयुष्यभर जवळून बघितलं होतं. समोर कोणी हात वर केलेले नव्हते. अशा वेळी काय द्यायचं, हे नियमांच्या पुस्तकात नव्हतं.

"मग आज कशाला ओरडलीस?"

"सवय. आठवडाभर तेच ओरडते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस एका बाजूने सुटले होते. दुकानात रोज शेकडो डोळे बघणाऱ्याला हे आज दिसलं, यावर तो स्वतःशी काहीतरी पुटपुटला.

परीक्षक टेबलावरून हाक मारत आला. तरुण, उत्साही, हातात पेन. "काका, अभिनंदन. पुढच्या रविवारी पहिलाच मोठा सामना आहे. तुमचंच नाव लिहितो, चालेल ना?"

"पुढच्या रविवारी मी नाही," पंच म्हणाला.

"घरी काही कार्यक्रम?"

"झोप."

बायकोने टॉवेलची घडी घालता घालता विचारलं, "कोणाची?"

"आपापली," तो म्हणाला, आणि उठायला तिचा हात मागितला.