दोन तयार खिळे

आमच्या घरातलं धाकटं चित्रं काढतं. चित्रातलं माणूस बाप्या की बाई, हे कुणाला कळू नये अशी मुद्दाम काढतं. वर्षापूर्वी जेवताना त्याने बाबांना सांगून टाकलं, "माझंही तसंच आहे." बाबा म्हणाले, "आधी जेवून घे." विषय तिथे संपला तो संपलाच. मला बाबांचा असा संताप आला होता की विचारू नका.

त्यामुळे पहिल्या प्रदर्शनाला बाबा आले तेव्हा धाकटं त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिलं. आज तरी ते काही बोलतील, एवढीच त्याची आस. बाबांनी फरशीचं कौतुक केलं, दिव्यांचं केलं, फ्रेमचं लाकूड नखाने टोकरून पाहिलं. चित्रांकडे मात्र शेजाऱ्याच्या उघड्या दारातून आत बघावं तसं चोरून पाहिलं. मी दात-ओठ खात मागून चालले होते.

दोन चित्रांना भिंत पुरली नव्हती. हॉलच्या शिपायाला खिळे ठोकायचा भारी कंटाळा. त्याने टॉयलेटच्या दोन दारांवरच्या पाट्या काढल्या आणि तयार खिळ्यांवर चित्रं टांगून मोकळा झाला. एका चित्रातलं माणूस उभं, दुसऱ्यातलं बसलेलं. उभं ते पुरुषांचं, असा तर्क एका गृहस्थांनी लढवला; त्यांच्या बायकोने तो तिथल्या तिथे खोडून काढला. बघता बघता रांग लागली. एका समीक्षकांनी रांगेलाच कलाकृती ठरवलं.

बाबांना मधुमेह, त्यामुळे रांगेत ते पहिले. पण ते जागचे हलेनात. मागच्याने "काका, ठरवा लवकर" म्हटलं.

"थांबा हो, बघतोय," बाबा म्हणाले, आणि चष्मा कपाळावर चढवून चित्राला नाक लावलं. मग धाकट्याला हाक मारली.

"असं पायावर पाय ठेवून तूच उभं राहतंस लहानपणापासून. हे तूच ना?"

धाकट्याने मान हलवली.

"आणि हे बसलेलं?"

"तेही मीच."

"मग मी कशाला अडून बसलोय?" बाबा म्हणाले. "दोन्हीकडे माझंच पोर आहे." आणि जवळचं दार ढकलून आत गेले.

धाकटं तिथेच रडायला लागलं. वर्षभराचा राग विसरून मीही. तेवढ्यात आतून एका बाईंनी बाबांना फैलावर घेतल्याचं ऐकू आलं, आणि बाबा त्यांनाही समजावत होते, की दारावरचं ते पोर माझं आहे.