मागच्या पानावरचं टिंब

पुलाखालच्या दगडी पट्टीवर पाणी कुठवर आलं, ते रोज सकाळी सात वाजता पाहून वहीत लिहायचं, एवढंच काम बाबांनी एकतीस वर्षं केलं. नदीही समजूतदार, बहुतेक दिवशी होती तिथेच असायची. मग बाबा सुबक अक्षरात लिहायचे, 'कालच्याइतकंच.' दर दिवसाला नवं पान, असा नियम. कागद वाया जातोय, हे लिहायला रकाना नव्हता.

मुलगी झाली हे लिहायलाही नव्हता. त्या सकाळी मात्र बाबांना राहवलं नाही. समासात त्यांनी एक टिंब दिलं. जन्मभरात सरकारी शाईचा केलेला तेवढाच काय तो उधळेपणा.

आता तीच मुलगी त्याच खात्याच्या दप्तरखोलीत बसून त्या वह्या स्कॅन करत होती. शनिवारी सगळा कागद लगद्याला जाणार होता, आणि त्याआधी सगळी पानं बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावायला हवी होती. त्यासाठी खात्याने एक व्हिडिओवाला धरून आणला. तो मूळचा लग्नांचं चित्रण करणारा; न हलणाऱ्या माणसांचा त्याला दांडगा अनुभव.

"सोपं आहे, ताई. पानं म्हणजे सिनेमातली चित्रं समजायची. पहिलं पूर्ण ठेवायचं, पुढे बदललं तेवढंच, म्हणजे जागा वाचते. बाकी मागील पानावरून पुढे चालू."

"मग आमचे बाबा दुसरं काय करत होते?"

पडद्यावर पानं पाण्यासारखी वाहू लागली. शिवणीची सावली डुलत होती. शाईचा एक डाग पोहत पोहत काठाला लागला. 'कालच्याइतकंच' जागच्या जागी हलकेच श्वास घेत होतं. बघता बघता तिला वाटलं, आपण पुलावर उभ्या आहोत आणि खालून बाबांची एकतीस वर्षं जात आहेत, पावलं न वाजवता.

तिच्या जन्माचं पान आलं आणि गेलं. समास कोरा.

"टिंब कुठंय?"

"बारीक होतं. यंत्राने धूळ समजून सोडलं."

"अहो, माझा जन्म आहे तो!"

"असेल की. पण फरक पडला नाही, ताई."

"आमची आत्यासुद्धा तेव्हा हेच म्हणाली होती."

तो ओशाळला. त्याने ते एक पान पूर्ण ठेवायला यंत्राला बजावलं आणि फीत पुन्हा लावली. टिंब आलं! मात्र पुढच्या पानावरही आलं. त्याच्या पुढच्याही. जे टिंब ठेवण्याइतकं मोठं नव्हतं, ते आता पुसण्याइतकंही मोठं नव्हतं. थेट वही संपेपर्यंत ते समासात बसून राहिलं.

"चुकलंच. काढून टाकू?"

"थांबा. वहीच्या मालकांना विचारते."

संध्याकाळी घरी तिने बाबांपुढे लॅपटॉपचा पडदा धरला. वहीत खाडाखोड दिसली की बाबा दोन दिवस जेवत नसत. इथे तर शेकडो पानांवर खोटं टिंब!

बाबा नाक पडद्याला लावून शेवटच्या पानापर्यंत पाहत राहिले.

"पाण्याचे आकडे बरोबर आहेत?"

"सगळे ताडून पाहिले."

"मी एकदाच दिलं होतं."

"हो. बाकीची यंत्राने दिली. काढायला सांगू?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पण पुन्हा घातला नाही.

"मन तर रोजच व्हायचं," ते म्हणाले. "नियम आड यायचा. राहू दे. शेऱ्यात लिही, टिंब कालच्याइतकंच."