एक्कावन्नावा संदर्भ

पहिल्या उंदराची मान त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. मानेमागे लोखंडी पट्टी दाबली, शेपटीला एकच हिसका दिला. बोटांखाली कडकन आवाज झाला. पांढरा देह क्षणभर थरथरला आणि निश्चल झाला.

गॅसची पेटी घेऊन दारात उभ्या असलेल्या प्राणिगृहाच्या सेविकेने तोंड फिरवले.

"अहो मामा, हे काय मांडलंय? पेटीत सोडले की निजतील आपोआप. तुम्ही बाहेर बसा, मी उरकते."

"निजत नाहीत, बाई, गुदमरतात. काच ओरबाडतात. तू झाकण लावून चहाला जातेस, म्हणून तुला दिसत नाही."

सारी संस्था त्यांना उंदीरमामा म्हणे; आधी पाठीमागे, पुढेपुढे तोंडावर. त्यांनी त्या नावालाही ओ दिली होती. रेणवीय जीवशास्त्राच्या या विभागात त्यांनी आयुष्य वेचले ते एका जनुकापायी. ते जनुक काढून टाकले की उंदराच्या कातडीवरची जखम भरून येत नाही, एवढेच त्यांनी सिद्ध केले. आणि त्यासाठी पिढ्यामागून पिढ्या पोसून जी जात निपजवली, ती या विभागाबाहेर जगात कोठेही नव्हती. परंतु तो शोधनिबंध एका लहानशा नियतकालिकात छापला गेला आणि कोणी त्याचा हवाला दिला नाही. मूल्यमापन समितीने प्रत्येकाच्या निबंधांची सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले हवाले, मोजली. मामांच्या नावापुढे काहीच निघाले नाही. खोली रिकामी करावी, प्राणी आज संध्याकाळपर्यंत नष्ट करावेत, असा निर्णय झाला.

सहावा उंदीर हातात असताना विभागप्रमुख आत आला. एके काळी हा याच खोलीत मामांचा विद्यार्थी होता. याच उंदरांवर लिहिलेल्या निबंधाने तो नावारूपाला आला होता. आज शेकडो संशोधक त्याचा हवाला देत.

"सर, थांबा जरा. दोन जोड्या मला द्या. माझ्याकडचे या जातीचे सगळे साथीत गेले."

"समितीच्या कागदावर सही कोणाची आहे?"

"माझीच. तुमच्या नावावर यांना ठेवताच आलं नसतं, सर. सायटेशनच नाहीत. माझ्या नावावर चालेल."

मामांनी मेलेला उंदीर हळूच ताटलीत ठेवला.

"माझी सायटेशन का नाहीत रे? तुझ्या निबंधात माझा उल्लेख का नव्हता?"

"मर्यादा होती, सर. त्या जर्नलला पन्नासच संदर्भ चालतात. तुमचा एक्कावन्नावा होत होता."

"आणि त्या पन्नासांत तुझे स्वतःचे किती होते?"

तो कसनुसा हसला.

त्या हसण्याने घात केला. मामांनी त्याची गचांडी धरली आणि त्याला पोलादी मांडणीवर आदळले. पिंजरे खणखणत कोसळले. उंदीर भुसा उडवीत कोपऱ्याकोपऱ्यांत पळाले. ठोशाने विभागप्रमुखाचा ओठ फाटला. दुसऱ्या ठोशाने नाकातून रक्ताची धार लागली. ज्या बोटांनी आयुष्यभर केसाएवढ्या शिरेत सुई घातली, ती बोटे आता त्याच्या गळ्यात रुतली. त्याचे डोळे पांढरे होऊ लागले.

"मामा, सोडा! मरेल तो!" सेविका किंचाळली आणि त्यांच्या दंडाला लोंबकळली.

"मरत नाही. याची जखम भरून येईल."

तरी पकड ढिली झाली. विभागप्रमुख गुडघ्यांवर कोसळला, खोकला, रक्त थुंकला.

"मारा, सर. पोलिसांतसुद्धा जाणार नाही. पण जोड्या द्या. ही जात गेली, तर पुन्हा नाही व्हायची."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेले हे एकच वाक्य मामांना खोडता येईना. जात मरू द्यावी, तर ती निदान मामांच्याच नावावर मरत होती; जात जगवावी, तर ती याच्या नावावर जगणार होती. ते धापा टाकीत वाकले, खालच्या फळीवरून दोन पिंजरे काढले आणि त्याच्यापुढे सरकवले.

"यातली एक गाभण आहे. उजेड सोसत नाही तिला. आवाज झाला तर पिल्लं खाते. वर काळं कापड टाक आणि व्याल्यावर पिंजऱ्यात हात घालू नकोस."

"हो, सर."

"पिंजऱ्याला चिठ्ठी लागते," सेविका चाचरत म्हणाली. "नाव कोणाचं घालू?"

"याचं घाल."

विभागप्रमुखाने मान वर केली नाही. रक्ताळलेल्या हातांनी पिंजरे छातीशी धरून तो बाहेर पडला.

सेविकेने सुटलेले उंदीर एकेक करून धरून आणले. मामांनी पुन्हा कामाला आरंभ केला. कडकन. पुन्हा कडकन. ताटलीत पांढरे देह शिस्तीने एकापुढे एक निजले.

शेवटी एक म्हातारा नर उरला. त्याच्या पाठीवर रुपयाएवढी ओली जखम उघडी होती. मामांनी त्याला तळहातावर घेतले, बाटली उघडली, कापूस औषधात बुडवला आणि जखमेच्या कडा हलक्या हाताने टिपू लागले.

"आता कशाला, मामा?"

"चुरचुरतं त्याला," ते म्हणाले. जखम पुरती स्वच्छ झाल्यावर त्यांनी कापूस बाजूला ठेवला आणि लोखंडी पट्टी उचलली.