बाईच्या नावाची गाडी

"सायकल अचानक मधे आली अन् मी ब्रेक मारला, असं सांगजो," नंदकिशोरनं चौथ्यांदा पढवलं.

रजनी पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. "पण मले गाडी चालवताच येत नाही."

"हे त्या विम्याच्या साहेबाले काय माहीत?"

राळेगावात बाकी सगळ्यांना माहीत होतं. कापसाचे भाव पडले, जिनिंग बंद झालं, नंदकिशोरची तिथली कारकुनी गेली. गाडी तेवढी राहिली, आणि ती रजनीच्या नावावर होती. बाया जपून चालवतात म्हणून कंपनी त्यांना विम्याचा हप्ता कमी लावते, असं एजंटानं सांगितलं होतं. त्यासाठी बाईचं लायसन्स हवं, तेही त्यानंच आणून दिलं. रजनीनं फोटो दिला आणि पेन्सिलीनं फुली केली होती तिथं सही केली. लग्नाला एकवीस वर्षं झाली; तिच्या सह्या अशाच फुल्यांवर बसत आल्या होत्या. गाडीत ती मागं बसायची, डबा मांडीवर घेऊन. कागदावर मात्र तिच्याइतकी जपून चालवणारी बाई तालुक्यात नव्हती.

परवा नंदकिशोरनं गावातल्याच उकंडाच्या सायकलला मागून धडक दिली. उकंडाचा पाय मोडला. गाडी कोण चालवत होतं, हे त्याला दिसलंच नाही. नंदकिशोरचं स्वतःचं लायसन्स केव्हाच संपलेलं. खरं सांगावं तर कंपनी हात वर करणार. खोटं सांगावं तर गाडीसारखाच गुन्हाही रजनीच्या नावावर चढणार.

धडकेपासून गाडी तशीच अंगणात उभी होती. दुपारी कंपनीचा माणूस आला. चहा झाल्यावर त्यानं कागद काढला आणि चालवत कोण होतं ते विचारलं. नंदकिशोरनं रजनीकडं पाहिलं. ती 'मी' म्हणाली.

"मग ताई, बसा बरं स्टिअरिंगवर. एक फोटो लागते."

चालवणाऱ्याच्या दारानं ती पहिल्यांदाच गाडीत शिरली. सीट नंदकिशोरच्या लांब पायांसाठी पार मागं सरकवलेली. तिचे पाय ब्रेकच्या वीतभर अलीकडंच राहिले. नंदकिशोर लगबगीनं वाकला, सीट पुढं घ्यायला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तवा होती तशीच हाय ते."

त्याचा हात खालच्या दांड्यावरच थांबला. कंपनीच्या माणसानं तिच्या पायांकडं पाहिलं, मग नंदकिशोरच्या. रजनीनं पदर सारखा केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडं पाहत फोटोसाठी बसून राहिली.