मास्तरांनी लिहिलेली हरकत

बार्शीटाकळीत रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा चुन्याच्या खुणा उत्तरेकडच्या दहा घरांवर पडल्या. देवमन मास्तराचं घर समोरच्या बाजूला, पडीत जमिनीच्या कडेला होतं. त्याला धक्का नव्हता.

तरी नत्थुजी त्याच्याकडेच आला. दहा घरांतलं एक त्याचं. "मास्तर, आमाले कायद्यातलं समजत नाही. तुमी लिहून द्या."

देवमनने दोन दिवस बसून हरकत लिहिली. दक्षिणेला पडीत जागा आहे, रस्ता तिकडून वळवता येईल, हा मुद्दा त्यालाच सुचला. दहाही घरधन्यांनी त्याच्या ओसरीवर सह्या-अंगठे केले. त्याची बायको मैना हिनं चहा आणला. नत्थुजी या घरात कधी पाणीही प्यायला नव्हता. त्या दिवशी त्यानं कप उचलला आणि सगळा चहा प्याला.

अकोल्याच्या सुनावणीत देवमननेच हरकत वाचली. साहेब स्वतः जागा बघून गेले. पावसाळ्याआधी हुकूम आला, दहा घरं वगळली. गावात पेढे वाटले गेले.

पुढच्या आठवड्यात चपराशी देवमनच्या दाराला नोटीस चिकटवून गेला. वळणात त्याचं घर येत होतं. हरकतीला तीस दिवस.

"मंग लिहा आपलीबी," मैना म्हणाली.

तो कागद घेऊन बसला. रस्ता पुन्हा उत्तरेकडून न्यावा, याखेरीज लिहिण्यासारखं काही नव्हतं. कागद तसाच ठेवून तो मुलांच्या वह्या तपासू लागला. असे पंधरा-वीस दिवस गेले.

नत्थुजी एकदा येऊन अंगणात उभा राहिला. "हरकत लिहून राहिले का, मास्तर?"

"नाही."

नत्थुजी परत फिरला.

"तुमाले राग कसा येत नाही?" मैनाने विचारलं. देवमनने मनात चाचपून पाहिलं. राग नव्हता. दुसरंही काही हाती लागलं नाही.

घर मैनाच्या नावावर होतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती एकटीच मोटारीत बसून अकोल्याला गेली, कचेरीबाहेरच्या अर्जनविसाकडून अर्ज लिहून घेतला आणि अंगठा उठवून दिला. सुनावणीला मात्र देवमन सोबत गेला, मागच्या बाकावर बसला.

साहेबांनी जुना कागद काढला. "बाई, ही वाट तुमच्या नवऱ्यानंच सुचवली आहे."

"सुचवली," मैना म्हणाली. "पण त्याईनं मले इचारलं नव्हतं. घर माहं हाय."

साहेबांनी हे लिहून घेतलं. हरकत महिन्याभरात फेटाळली गेली.

सुनावणीच्या दिवशी परतीच्या मोटारीत देवमन म्हणाला होता, "इचारायले पायजे होतं." मैना खिडकीबाहेर बघत राहिली. शेतांत कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती.

दसरा झाल्यावर घर पाडलं. दारं-चौकटी, छपरावरची कवेलू, चांगल्या विटा त्यांनी आधीच उतरवून ठेवल्या होत्या. नत्थुजीने न मागता बैलगाडी पाठवली आणि मागून स्वतःही आला. सामान चढवायला दोघं-तिघं शेजारी होते.

भाड्याच्या खोलीत मैनाने आधी चूल मांडली. "दळण आणा," ती म्हणाली. देवमन ज्वारीचा डबा घेऊन चक्कीकडे निघाला.