आतून सैल

दोरा बॉबिनवर चढताना आधी एक रेघ उठते, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि मग रेघा दिसेनाशा होऊन नुसतं एक पांढरं गरगरणं उरतं. जयाबाई त्या गरगरण्याकडे बघत होती. खाली फळीवर पाच हजार मीटर दोऱ्याचा कोन उभा होता, हाताच्या पंजात मावणार नाही इतका जाडजूड. त्यातून दोरा वर हुकात जायचा, हुकातून दोन पितळी चकत्यांच्या फटीत, आणि तिथून बॉबिनवर. चकत्यांमधून गेला की तो ताणला जातो, घट्ट बसतो. आत्ता तो चकत्यांमधून जात नव्हता. त्यांच्या बाहेरूनच, मधल्या बोटावरून तिनं तो मोकळा सोडला होता… पाऊण बॉबिन भरली की हळूच फटीत सरकवायचा. म्हणजे वरचे थर घट्ट, हाताला टणक. आतला दोरा मात्र सैल, पोकळ, कुठंही घसरेल असा.

मधल्या बोटावरून, कारण तर्जनी नव्हती. उजव्या हाताच्या तर्जनीचं मुळाजवळचं एक पेर तेवढं उरलं होतं. गुळगुळीत, थंडीत निळसर पडणारं. दोरा कधी चुकून त्याच्यावर घासला तर जे पेर नाही तिथं खाज सुटायची.

शेडच्या मध्यावर मोठं मशीन चालू होतं आणि मशीनवर नीलम होती. आज भरलेल्या बॉबिन उद्या तिच्या डब्यात जायच्या. काल भरलेल्या आज तिच्या हाताखाली होत्या. बाकीच्या चार बायका साध्या मशीनवर कडेच्या पट्ट्या जोडत होत्या, आपसात बोलत होत्या. मच्छेच्या त्या औद्योगिक वसाहतीत असले पत्र्याचे शेड पुष्कळ होते, पण जुनी लुगडी आणून द्यायची आणि मशीनवर शिवलेली वाकळ घेऊन जायची असा शेड हा एकच. लोक लांबून यायचे. आज मशीनवर जी वाकळ होती ती चिकोडीकडच्या एका शेतकऱ्याची. कलगोंडा नाव त्याचं. आठ दिवसांपूर्वी गाठोडं घेऊन आला होता, आणि ते सोडून एकेक लुगडं टेबलावर ठेवताना दरवेळी “हे अव्वाचं… हे पण अव्वाचंच,” असं सांगत राहिला होता, जणू त्यात दुसऱ्या कुणाचं असायची शक्यता होती. आई फाल्गुनात गेली. मुलीचं लग्न आता वैशाखात. तिच्याबरोबर वाकळ द्यायची होती.

जयाबाईचं त्या लुगड्यांशी काही वैर नव्हतं. त्या म्हातारीशीही नव्हतं. काल संध्याकाळी बॉबिन भरताना तिला माहीत होतं की उद्या मशीनवर हेच चढणार. माहीत असूनही मधलं बोट आपोआप बाहेर गेलं, चकत्यांना चुकवून. दिवाळीपासून ते तसंच जात होतं. आता चैत्र. पाच महिने.

पाच महिन्यांत फार काही झालं नव्हतं, हे खरं. आठवड्यातून एखादा दोरा तुटायचा, कधी एखादी ओळ उसवावी लागायची, आणि नीलम कपाळावरचा घाम मनगटानं पुसायची. तेवढं ती आपल्या नावावर धरायची. घरी जाताना बसमध्ये ते चघळत बसायची. मशीन चांगलं आहे, सोसतंय, असं वाटून दर आठवड्याला दोरा आणखी थोडा सैल… आणखी थोडा.

दिवाळीलाच का, तर त्या डब्यामुळे. नीलमनं सगळ्यांना फराळाचे डबे आणले होते. पाच बायकांना पाच. जयाबाईनं आपला डबा घरी नेऊन उघडला. चार चकल्या, दोन करंज्या, मूठभर चिवडा. दुसऱ्या दिवशी तिनं सहज बोलता बोलता बाकीच्यांना विचारून घेतलं. सगळ्यांना चार चकल्या, दोन करंज्या, मूठभर चिवडा. मलाही तेवढंच. बोट दिलं होतं मी तिला, आणि मलाही तेवढंच.

दिलं होतं — तिच्या मनात तोच शब्द होता. त्या श्रावणात, दीड वर्षापूर्वी, मशीनवर जयाबाई होती, अकरा वर्षं तीच होती, आणि नीलम नुकती शिकायला लागली होती. सुईतला दोरा तुटला म्हणून जयाबाई वाकून नवा ओवत होती. नीलमनं हिरवं बटण दाबलं. एवढंच. सुई बोटातून गेली आणि कापड ताणून धरणारी चौकट बाजूला सरकली. रिक्षात नीलम तिचा हात फडक्यात धरून हुंदके देत होती. मागून मोटारसायकलवर आलेल्या नागेंद्रनं, मालकानं, दवाखान्याच्या दारात विचारलं, “कसं झालं?” तेव्हा जयाबाई म्हणाली, “माझाच हात लागला बटणाला.” दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण ते वाक्य म्हणताना आत कुठंतरी गोड वाटलं होतं हे तिला आजही आठवत होतं. पोरगी आता आपली झाली. जन्माची. नवरा गेल्यावर हिंडलग्याला भावाच्या घरी, भावजयीच्या चुलीशी बारा वर्षं काढलेल्या बाईला आपलं म्हणायला एक माणूस मिळालं होतं.

पहिला महिना नीलम रोज डबा घेऊन घरी आली. मग आठवड्यातून एकदा. मग बोट बरं झालं — म्हणजे जे उरलं होतं ते बरं झालं — आणि नागेंद्र म्हणाला, “आक्का, तुमी आता बॉबिन भरा बसून. मशीन नीलम बघंल.” मालकाचा तो चांगुलपणाच होता, सगळे म्हणाले. नीलमनं तेव्हा खाली बघितलं होतं. नको म्हणाली नव्हती.

मशीनचा आवाज बदलला.

दुसऱ्या कुणाला कळला नसता. ठकठक तीच, पण तिच्या तळाशी काहीतरी ओलसर, घोगरं. जयाबाईला कळलं. खाली दोरा गुंता धरतोय. आत्ता थांबवलं तर चार बोटं उसवावं लागेल, अजून एक ओळ गेली तर हातभर. तिनं मान वर केली नाही. बॉबिन भरत राहिली. दोनशेपर्यंत मोजावं असं मनात आलं, पण मोजलं नाही, नुसतं ऐकलं. छातीत काहीतरी हलकं, गरम उठत होतं.

मग नीलमनं मशीन थांबवलं. वाकळीचा कोपरा उलटला. उलट्या बाजूला दोऱ्याच्या जाळ्या लोंबत होत्या, ओळीच्या ओळी.

नागेंद्र आज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन टेबलाशी बसला होता, कारण कलगोंडा दुपारी वाकळ न्यायला यायचा होता. तो उठून आला. “उसव,” म्हणाला. नीलमनं ब्लेडनं एकेक टाका तोडायला सुरुवात केली. लुगडी जुनी, शंभरदा धुतलेली. टाका निघताना कापडही निघू लागलं. आधी हिरव्या लुगड्याला बोटभर चीर गेली, मग तिच्या शेजारी वीतभर, आणि नीलम थांबली, ब्लेड हातात तसंच. त्याच वेळी दारात कलगोंडा उभा होता. ठरल्यापेक्षा तासभर आधी आला होता.

तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तो जवळ आला आणि त्या चिरेवर त्यानं तळहात ठेवला.

“हे दुपारचं नेसायची,” तो म्हणाला. “कामं आटपली की. मग उंबऱ्यावर बसायची.”

ओरडला तो नागेंद्र, कलगोंडादेखत. “दीड वर्ष झालं तुला मशीनवर बसवून. एक वाकळ नीट न्हाय हुईत? बॉबिन बघितलीस का घालायच्या आधी?”

जयाबाईच्या मधल्या बोटावर दोरा थांबला.

“बघितली अण्णा,” नीलम म्हणाली. “बॉबिन चांगली हुती. माझंच चुकलं. घाई केली.”

“घाई केली म्हणं. ह्यास्नी काय सांगू आता? त्यांची आई परत लुगडी आणून देणार हाय काय?”

नीलमचे कान लाल झाले. चारही बायकांनी मशीनं थांबवली होती. जयाबाईनं ते सगळं बघितलं, नीलमची खाली गेलेली मान, गळ्यावर धडधडणारी शीर, आणि तिला वाटलं, हे, हेच पाहिजे होतं मला पाच महिने. ते सुख इतकं स्वच्छ होतं की तिला त्याची लाजही वाटली नाही.

नागेंद्रनं कलगोंडाला तिच्याजवळच्या स्टुलावर बसवलं. “आक्का, आप्पांना पाणी द्या.” तिनं तांब्या दिला. त्यानं पाणी प्यायलं नाही, तांब्या मांडीवर धरून बसला. तिच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं.

“बोटाला काय झालं, बाई?”

“सुईखाली गेलं.”

“अरेरे.” खरंच वाईट वाटलं त्याला. स्वतःचं विसरून वाटलं. मग हळू आवाजात म्हणाला, “पोरगी नवी हाय काय?”

“नवी न्हाय,” जयाबाई म्हणाली. “हात चांगला हाय तिचा. पण लक्ष कुठं असतंय कुणास ठाऊक.”

एवढं बोलायची गरज नव्हती. तरी बोलली, आणि बोलताना आवाजात माया होती. कलगोंडानं मान हलवली. “ठिगळ लावा म्हणावं. चालतंय. आमच्यात कौदीला, वाकळीला, ठिगळ असतंयच.” आणि तो जेवून येतो म्हणून उठून गेला.

जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर सावलीला गेल्या. नीलम आपला डबा घेऊन जयाबाईच्या शेजारी येऊन बसली. कित्येक महिन्यांत ती अशी शेजारी बसली नव्हती. रडेल आता. रडली तर पाठीवरून हात फिरवायचा. जयाबाईनं हात फडक्याला पुसून ठेवलासुद्धा.

नीलमनं डबा उघडला नाही. ड्रेसच्या खिशातून एक अर्धी संपलेली बॉबिन काढून तळहातावर ठेवली आणि हात थोडा खाली-वर केला, वजन बघितल्यासारखा.

“तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली. “चांगली भरलेली बॉबिन जड लागती. दिवाळीतच, पहिल्याच दिवशी कळलं मला.”

बाहेर कुणीतरी हसलं.

“मी साडेआठाला येते रोज. तुमची बस नवाला. तोवर सगळ्या मोकळ्या करून परत भरून ठेवते. आज अण्णा आधीच येऊन बसलं हुतं. त्यांच्यादेखत कशी भरू?”

रोज. पाच महिने रोज. म्हणजे ते तुटलेले दोरे, त्या उसवलेल्या ओळी… ते आपोआप झालेलं होतं, कुठल्याही मशीनवर होतं तसं. बसमध्ये चघळलेलं ते सगळं… मी काहीच केलं नव्हतं. संध्याकाळी मी भरत होते आणि सकाळी ती पुसत होती. जे एकदाच पोचलं ते एका मेलेल्या बाईच्या लुगड्याला पोचलं, जिचं नावही मला माहीत नाही.

“सांगितलं का न्हाईस?” शेवटी तिच्या तोंडून निघालं.

“तुम्ही तरी कुठं सांगितलासा? बटण मी दाबलं हुतं. तुम्ही माझं नाव घेतलं न्हाय.” नीलमचा आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता फक्त. “दीड वर्ष त्या बोटाकडं बघून मला जेवण ग्वाड लागलं न्हाय, आक्का. बॉबिन परत भरताना वाटायचं, चाललंय ते बरं हाय, तेवढंच माझ्याकडनं फेडणं. आज अण्णांचं सगळं अंगावर घेतलं. आता फिटलं.”

“फिटलं?”

“व्हय. माझ्यापुरतं फिटलं. उद्यापासनं एक जरी सैल आली तर ती अण्णांच्या टेबलावर ठेवणार.”

मग तिनं डबा उघडला आणि जेवायला लागली. भाकरी, पावट्याची उसळ. मध्येच, सवयीनं, चटणीची डबी जयाबाईकडे सरकवली. “घ्या.” तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जयाबाई राग शोधत होती. डोळ्यांत, घास मोडणाऱ्या बोटांत, कुठंतरी. नीलमची बोटं सरळ, लांब, सगळी होती, आणि ती भूक लागलेल्या माणसाची बोटं होती.

सुट्टी संपल्यावर जयाबाई उठून नागेंद्रच्या टेबलापाशी गेली. सांगून टाकायचं. पश्चात्ताप म्हणून नव्हे… तिचं ते फिटणं मोडायचं म्हणून. सैल मी भरल्या, नीलमनं उगाच अंगावर घेतलं, असं म्हटलं की तिचं घेणं वाया गेलं, हिशेब पुन्हा उघडा पडला, पुन्हा ती माझी देणेकरीण. नागेंद्रनं मान वर केली.

“काय आक्का?”

त्याच्या मागच्या भिंतीला नवा पंखा टेकून ठेवला होता. तिला हिंडलग्याचं घर दिसलं, भावजय दिसली, काम गेल्यावर दिवसभर घरी बसलेली ती स्वतः दिसली.

“कोन संपत आलाय,” ती म्हणाली.

“उद्या मागवतो.”

ती जागेवर येऊन बसली. कलगोंडा जेवून परत आला होता. तो मशीनपाशी उभा राहून वाकळीची कड दोन्ही हातांनी धरत होता, आणि नीलम हिरव्या लुगड्यावर ठिगळ बसवत होती, लालसर, त्याच गाठोड्यातल्या उरलेल्या तुकड्याचं. ती त्याला विचारत होती की पोरगी कुठं दिली, जावई काय करतो. निपाणीला, तो सांगत होता, दुकान आहे, घरचं. त्यानं आईबद्दल काहीतरी सांगितलं, अव्वाला म्हणे चहा बशीतूनच लागायचा, आणि नीलम हसली. फटकन, मोकळं हसली.

जयाबाईच्या मांडीवर सकाळी भरलेल्या नऊ बॉबिन होत्या. आतून सैल. उद्या डब्यात जायच्या. त्या मोकळ्या करायला तिनं एक हातात घेतली, दोऱ्याचं टोक सापडलं, आणि तशीच थांबली. नीलम इकडे बघेल. बघितल्याशिवाय कशी राहील? आपण मोकळ्या करतोय की नाही हे तिला बघावंच लागेल. भीतीनं, संशयानं, कशानंही. दीड वर्षात या शेडमध्ये असा एक तास गेला नव्हता की ती पोरगी जयाबाईच्या हाताचा विचार न करता वावरली. हे आज कळलं होतं. आजच कळलं होतं, आणि…

ती वाट बघत राहिली. मशीन चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं. कलगोंडानं कड सोडली, दुसरी धरली. नीलमनं वाकून टाका बघितला, पाठ ताठ केली, दंडानं गाल पुसला. पाठ या बाजूला होती. जयाबाई त्या पाठीकडे बघत होती, आणि हळूहळू, नको असताना, तिच्या लक्षात येत गेलं की ती पाठ फिरवलेली नाही, चोरलेली नाही, इकडची कसली जाणीव तिच्यात नाही. ती नुसती एका कामात असलेल्या मुलीची पाठ आहे.